दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या बहुघटक अभिक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारे, पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेले आणि कंपन्यांच्या संशोधन विभागांत काम करणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग किचकट. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. बहुघटक अभिक्रिया नेमकी कशाला म्हणायचं? एकाच फ्लास्कमध्ये एकामागून एक गोष्टी टाकत गेलो तर तीही बहुघटकच ना?

तीन किंवा जास्त अभिकारक एका भांड्यात येतात आणि त्या प्रत्येकाचा लक्षणीय भाग एकाच उत्पादितात उतरतो, ती बहुघटक अभिक्रिया. स्ट्रेकर (१८५०), बिजिनेली (१८९१), मानिख (१९१२), पासेरिनी (१९२१) आणि उगी (१९५९) ही पाठ्यपुस्तकातली नावं. उगीच्या अभिक्रियेत अल्डिहाइड, अमाइन, कार्बॉक्सिलिक आम्ल आणि आयसोसायनाइड असे चौघे येतात आणि बाहेर पडतं ते फक्त पाणी.

पहिली रिअॅक्शन संपू दिली, मग त्याच फ्लास्कमध्ये दुसऱ्या रिअॅक्शनचं सामान टाकलं, तर ते 'वन-पॉट' झालं, बहुघटक नव्हे. सीमारेषा मात्र धूसर आहे. इमाइन आधी अर्धा तास बनू देऊन मग बाकीचं टाकणारेही आपल्या पेपरला बहुघटकच म्हणतात, आणि त्यावर वाद घालण्यात फारसं हशील नाही.

२. यात प्रकाश लागतो कशाला? गरम करून भागत नाही का?

ऑइल बाथवर ठेवलं की फ्लास्कमधल्या सगळ्याच रेणूंना ऊर्जा मिळते. प्रकाश फक्त जो शोषून घेतो त्यालाच मिळतो. साधे सेंद्रिय रेणू रंगहीन असतात, म्हणजे दृश्य प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो. म्हणून रंगीत उत्प्रेरक थोडासा घातला की ऊर्जा नेमकी त्याच्याकडे जाते आणि नाजूक घटक सुखरूप राहतात. अतिनील दिव्याखाली हे जमत नाही, तिथे अभिकारकही प्रकाश शोषतात आणि तुटतात.

ही ऊर्जा काही थोडीथोडकी नसते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा एक मोल म्हणजे सुमारे २६६ किलोज्यूल. एवढी ऊर्जा हाताशी असल्यामुळे खोलीच्या तापमानाला मुक्त मूलक, म्हणजे रॅडिकल, तयार करता येतात. एरवी त्यासाठी पेरॉक्साइड उकळावं लागे किंवा कथिलाची विषारी संयुगं वापरावी लागत.

३. फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे प्रश्न २ मधला रंगीत उत्प्रेरक, प्रत्यक्षात करतो तरी काय?

इलेक्ट्रॉनची देवघेव. सगळ्यात ओळखीचा उत्प्रेरक म्हणजे रुथेनियमचा ट्रिस-बायपिरिडिन संकुल. तो ४५२ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि त्याची उत्तेजित अवस्था सुमारे एक मायक्रोसेकंद टिकते. रेणूंच्या हिशेबात हा भरपूर वेळ आहे, तेवढ्यात त्याची दुसऱ्या रेणूशी गाठ पडू शकते.

गंमत अशी की उत्तेजित झालेला हा संकुल इलेक्ट्रॉन घेऊही शकतो आणि देऊही शकतो. संतृप्त कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (विभव मोजायच्या प्रमाण इलेक्ट्रोडच्या) तुलनेत घेण्याचं विभव अधिक ०.७७ व्होल्ट आणि देण्याचं उणे ०.८१ व्होल्ट. घेतल्यानंतर उरतो तो रुथेनियम-एक, हा उणे १.३३ व्होल्टचा जोरकस क्षपणकारक. दिल्यानंतर उरतो तो रुथेनियम-तीन, हा अधिक १.२९ व्होल्टचा ऑक्सिडीकारक. म्हणजे एकाच फ्लास्कमध्ये, एकाच चक्रात, एका घटकाचं क्षपण आणि दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण होऊ शकतं. बहुघटक अभिक्रियांना हे इतकं मानवतं याचं कारण इथेच आहे: दोन टोकांची कामं एकच उत्प्रेरक करतो, आणि बाहेरून वेगळा ऑक्सिडीकारक किंवा क्षपणकारक घालावा लागेलच असं नाही.

४. हे क्षेत्र नवीन आहे का?

कल्पना जुनी आहे. इटलीतल्या बोलोन्याचे जाकोमो चामिचान यांनी पाऊल सिल्बर यांच्याबरोबर फ्लास्कच्या फ्लास्क उन्हात ठेवून वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि १९१२ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात धुराड्यांऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रासायनिक उद्योगाचं चित्र मांडलं. रुथेनियम संकुल आणि दृश्य प्रकाश वापरून सेंद्रिय अभिक्रिया घडवण्याचं काम नेदरलँड्समध्ये केलॉग यांच्या गटाने १९७८ मध्येच केलं होतं. फार कुणी लक्ष दिलं नाही.

२००८ मध्ये प्रिन्स्टनमध्ये निसेविच आणि मॅकमिलन यांनी, तर विस्कॉन्सिनमध्ये यून यांच्या गटाने जवळपास एकाच वेळी याच संकुलाने नव्या बंधांची रचना दाखवली. २००९ मध्ये स्टीफन्सन यांचं काम आलं. त्यानंतर पूर आला. प्रिन्स्टनच्या त्या प्रयोगांत १५ वॉटचा साधा घरगुती सीएफएल दिवा होता, हे ज्यांच्याकडे महागडा फोटोरिअॅक्टर नाही त्यांनी ध्यानात ठेवावं.

५. मॅकमिलन यांना नोबेल याच कामासाठी मिळालं ना?

नाही. २०२१ चं नोबेल त्यांना आणि बेन्यामिन लिस्ट यांना असममित ऑर्गॅनोकॅटॅलिसिससाठी, म्हणजे धातूऐवजी छोटे सेंद्रिय रेणू उत्प्रेरक म्हणून वापरण्यासाठी, मिळालं. २००८ च्या त्या पेपरात मात्र ऑर्गॅनोकॅटॅलिस्ट आणि फोटोकॅटॅलिस्ट दोन्ही एकत्र होते, त्यामुळे गल्लत होते.

६. एखादं उदाहरण पहिल्या पावलापासून शेवटापर्यंत समजावून सांगाल का?

२०१२ मध्ये जपानमधल्या कोइके आणि आकिता यांच्या गटाने केलेली स्टायरीनची अभिक्रिया घेऊ. घटक तीन: स्टायरीन, उमेमोतो अभिकारक (ट्रायफ्लुओरोमिथाइल गट वाहणारं सल्फोनियम लवण) आणि पाणी किंवा अल्कोहोल. उत्प्रेरक इरिडियमचा ट्रिस-फिनाइलपिरिडिन संकुल, दिवा निळा.

प्रकाश पडताच उत्तेजित इरिडियम उमेमोतो लवणाला एक इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः इरिडियम-चार होतो. लवण तुटून डायबेन्झोथायोफीन बाजूला होतं आणि ट्रायफ्लुओरोमिथाइल रॅडिकल मोकळा होतो. तो स्टायरीनच्या टोकाच्या कार्बनवर बसतो, कारण मग उरलेला रॅडिकल बेंझीन वलयाच्या शेजारी येऊन स्थिर होतो. हा बेंझिलिक रॅडिकल आपला इलेक्ट्रॉन इरिडियम-चारला देऊन टाकतो. इरिडियम मूळ रूपात परततो आणि आपल्या हाती कार्बोकॅटायन येतो. त्यावर पाणी चालून जातं. शेवटी टोकाला ट्रायफ्लुओरोमिथाइल, बेंझिलिक जागी हायड्रॉक्सिल. पाण्याऐवजी मिथेनॉल घातलं तर ईथर, कार्बॉक्सिलिक आम्ल घातलं तर एस्टर.

यात प्रकाश खर्च होतो तो फक्त पहिल्या पावलाला. उरलेली पावलं अंधारातही पडली असती, फक्त तिथवर पोहोचता आलं नसतं. कुठलीही प्रकाश-अभिक्रिया वाचताना आधी विचारावं: फोटॉन नेमका कुठे लागला? उत्तर सापडेना तर सावध व्हावं (प्रश्न १४ पाहा).

७. हीच पद्धत साध्या अल्कीनवर, म्हणजे १-ऑक्टीनसारख्यावर, का चालत नाही?

पहिला अर्धा भाग चालतो, दुसरा अडतो. ट्रायफ्लुओरोमिथाइल रॅडिकल १-ऑक्टीनवरही झपाट्याने बसतो. पण नंतर उरणारा साधा द्वितीयक अल्किल रॅडिकल इलेक्ट्रॉन सोडायला नाखूश असतो. कार्बोकॅटायन बनत नाही, पाण्याला जागा मिळत नाही, आणि तो रॅडिकल विद्रावकाकडून हायड्रोजन ओढतो किंवा दुसरा काही उद्योग करतो. अशा अल्कीनसाठी तिसरा घटक वेगळा निवडावा लागतो: हॅलोजन देणारा, हायड्रोजन देणारा किंवा निकेलसारख्या धातूवर बसलेला आर्याइल गट.

८. तिघे-चौघे एकत्र असताना भलतीच जोडी का जमत नाही?

जमते की. अयशस्वी रिअॅक्शन छापल्या जात नाहीत एवढंच. पण यशस्वी रिअॅक्शनमागे बहुतेक वेळा ध्रुवीयतेचा मेळ असतो. ट्रायफ्लुओरोमिथाइल किंवा मॅलोनेटचा रॅडिकल इलेक्ट्रॉनचा भुकेला असतो, तो इलेक्ट्रॉन-समृद्ध अल्कीनकडे धावतो. तिथे बसल्यावर जो नवा रॅडिकल तयार होतो तो उलट स्वभावाचा, इलेक्ट्रॉन द्यायला तयार. तो उरलेल्या अल्कीनकडे वळण्याऐवजी इलेक्ट्रॉन-दरिद्री घटक शोधतो किंवा सरळ ऑक्सिडाइज होतो. प्रत्येक पावलाला स्वभाव उलटत जातो, म्हणून क्रम टिकतो.

नवी अभिक्रिया आखताना प्रत्येक मध्यस्थ रेणूसमोर स्वभाव लिहावा आणि लागोपाठच्या दोन पावलांत तो उलटतोय ना हे पाहावं. दोन्ही रॅडिकल एकाच स्वभावाचे निघाले तर दुसरा रॅडिकलही उरलेल्या अल्कीनवरच बसत जातो आणि चिकट पॉलिमर हाती येतो.

९. विद्रावक उत्पादितात शिरला तर तो घटक म्हणून मोजायचा का?

मोजायला हवा. प्रश्न ६ मधलीच पद्धत रुथेनियम उत्प्रेरकाने अॅसिटोनायट्राइलमध्ये, थोड्या पाण्याच्या सान्निध्यात केली तर कार्बोकॅटायनवर अॅसिटोनायट्राइलच चालून जातो, मग पाणी, आणि अॅसिटामाइड मिळतो. हा रिटर-पद्धतीचा मार्ग याच गटाने २०१३ मध्ये मांडला. अल्कीन, उमेमोतो लवण, अॅसिटोनायट्राइल, पाणी: घटक चार झाले. अॅसिटोनायट्राइल मात्र अल्कीनच्या कितीतरी पट घातलेला असतो, तेव्हा अणू-मितव्ययाचा (घातलेले अणू जास्तीत जास्त उत्पादितात उतरल्याचा) दावा करताना हात आखडता घ्यावा.

१०. दिवा कोणता घेऊ? लॅबमध्ये फक्त पांढरी एलईडी पट्टी आहे.

उत्प्रेरकाचं शोषण आणि दिव्याचं उत्सर्जन एकमेकांवर पडलं पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. रुथेनियम संकुलाला ४५० च्या आसपासचा निळा, इओसिन वाय या सेंद्रिय रंगद्रव्याला ५३० च्या आसपासचा हिरवा. पांढऱ्या एलईडीत ४५० चा निळा उंचवटा आणि वर पिवळ्या फॉस्फरचा रुंद पट्टा असतो, म्हणून ती दोघांसाठी कामचलाऊ ठरते. वेग कमी पडेल इतकंच.

पेपरमध्ये नुसतं 'निळा एलईडी' लिहिलेलं असतं, ते पुरेसं नाही. तरंगलांबी, वॉट, फ्लास्कपासूनचं अंतर आणि पंखा होता की नव्हता, या चार गोष्टी नोंदवहीत लिहाच. दोन लॅबमध्ये यील्ड जुळत नाही त्याचं कारण बहुधा या चारांपैकी एक असतं. पंख्याशिवाय जवळ ठेवलेला फ्लास्क सहज चाळीस-पन्नास अंशांपर्यंत तापतो. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतो.

भांडं साध्या बोरोसिलिकेट काचेचं चालतं, क्वार्ट्झ लागत नाही.

११. इरिडियम परवडत नाही. स्वस्तातला पर्याय?

इओसिन वाय आणि ४-सीझेडआयपीएन. दुसरा हा अदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये ओएलईडीसाठी आणलेला रेणू, पुढे संश्लेषण करणाऱ्यांनी उचलला. कार्बाझोल आणि टेट्राफ्लुओरोआयसोफ्थॅलोनायट्राइलपासून एका पायरीत तो बनतो, लॅबमध्येच करून ठेवता येतो. ऑक्सिडीकारक म्हणून तो रुथेनियमपेक्षा जोरकस आहे. कार्बॉक्सिलिक आम्लांपासून रॅडिकल काढताना मात्र जपून, त्या रॅडिकलांनी त्याचा सायनाइड गट हटवून उत्प्रेरकाचंच रूप बदलल्याची उदाहरणं आहेत.

इओसिन वाय स्वस्त आहे, पण आम्लाच्या बाबतीत हळवा. त्याचं डायसोडियम लवण हिरवा प्रकाश छान शोषतं. आम्लयुक्त मिश्रणात तो बंद वलयाच्या रूपात जातो, रंग उडतो आणि काम थांबतं. घटकांत कार्बॉक्सिलिक आम्ल असेल किंवा अभिक्रियेत हायड्रोजन ब्रोमाइड सुटत असेल तर रंगाकडे लक्ष ठेवा. बाटलीवर 'लवण' आहे की 'आम्ल' तेही वाचा.

१२. नायट्रोजन सोडणं खरंच गरजेचं आहे? काही पेपरमध्ये उघड्या हवेत केलेलं दिसतं.

ऑक्सिजनची भूमिका काय, यावर ते ठरतं. हवेशी संपर्कात असलेल्या अॅसिटोनायट्राइलमध्ये साधारण दोन मिलीमोलर ऑक्सिजन विरघळलेला असतो. उत्प्रेरक एक मिलीमोलर घेतला तर ऑक्सिजन त्याच्या दुप्पट झाला. तो उत्तेजित अवस्था विझवतो आणि कार्बन रॅडिकल तर टक्कर होताक्षणी पकडतो. म्हणून प्रश्न ६ सारख्या अभिक्रियांत फ्रीझ-पंप-थॉ (द्रावण गोठवून, हवा ओढून, पुन्हा वितळवणं) करावं, निदान पंधरा-वीस मिनिटं नायट्रोजन सोडावा.

उलट, तृतीयक अमाइनचं ऑक्सिडीकरण करून इमिनियम (धनप्रभारित इमाइन) बनवायचा असेल तर कुणीतरी शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला हवेतच. तिथे हवेतला ऑक्सिजन फुकटचा अभिकारक आहे. दोन्ही प्रकार एकाच पेपरात दिसले तर गोंधळू नका, कोष्टकात कोणत्या रांगेत हवा आहे ते पाहा.

१३. कंट्रोलमध्ये उत्प्रेरक घातलाच नाही, तरी उत्पादित मिळालं. असं कसं?

पहिली शक्यता इलेक्ट्रॉन दाता-ग्राही संकुलाची. दोन रंगहीन घटक, समजा एक अमाइन आणि एक पिरिडिनियम लवण, मिसळल्यावर द्रावण पिवळं-नारिंगी दिसतं. हा नवा रंगच दृश्य प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ओळखायची रीत सोपी: प्रत्येक घटकाचा आणि मिश्रणाचा यूव्ही-व्हिजिबल आलेख एकावर एक काढा. मिश्रणात लाल बाजूला नवा खांदा दिसला तर संशय पक्का.

दुसरी शक्यता, एखादा घटकच रंगीत आहे. अॅरोमॅटिक कीटोन, नायट्रो संयुगं, जुनं झालेलं पिवळट अमाइन, सगळे यात येतात. तिसरी शक्यता सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळा खरी ठरणारी: चुंबकी कांडीवर मागच्या रिअॅक्शनचा उत्प्रेरक चिकटलेला असतो. नवी कांडी घ्या.

१४. आमच्या ग्रुपमध्ये दिव्याखाली २-अमिनो-४एच-क्रोमीन बनवतात. अंधारात ठेवलेला फ्लास्कही हळूहळू तेच देतो. मग याला प्रकाश-अभिक्रिया म्हणायचं का?

माझं मत: म्हणू नये. अल्डिहाइड, मॅलोनोनायट्राइल आणि फिनॉल किंवा डायकीटोन यांची ही अभिक्रिया क्नोवेनागेल, मायकेल आणि वलयबंध अशा तीन पावलांची आहे. एकाही पावलाला रॅडिकल लागत नाही, इलेक्ट्रॉनची देवघेव लागत नाही. थोडा आम्लारी किंवा नुसतं उकळतं इथेनॉल पुरतं. बिजिनेली आणि हान्त्श यांच्या अभिक्रियांचंही तेच. या अभिक्रिया दिव्याखाली 'शोधल्याचे' पेपर ढिगाने आहेत, आणि अनेकांत दिव्याचं काम फ्लास्क कोमट ठेवण्यापलीकडे काही दिसत नाही.

प्रकाश खरंच काही करतोय का हे पाहायला तीन कंट्रोल लावा. एक, उत्प्रेरकासह पण फॉइल गुंडाळून, आणि दिव्याखालच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर घालून मोजलेल्याच तापमानाला. खोलीच्या तापमानाला ठेवलेला अंधारातला फ्लास्क हा कंट्रोल नव्हे. दोन, प्रकाश आहे पण उत्प्रेरक नाही. तीन, उत्प्रेरकाऐवजी चिमूटभर आम्ल. तिसरा कंट्रोल फार कमी लोक करतात. काही रंगद्रव्यं प्रकाशात आम्ल सोडतात, ब्रोमाइड असलेले घटक हायड्रोजन ब्रोमाइड सोडतात, आणि खरं काम ते आम्ल करून जातं.

तिन्ही कंट्रोलमधून पार पडली तर बिनधास्त लिहा. नाही पडली तरी क्रोमीन चांगलंच आहे, फक्त शीर्षकातून प्रकाश काढावा.

१५. दिवा बंद केला की रिअॅक्शन थांबते, चालू केला की सुरू होते. म्हणजे साखळी अभिक्रिया नाही, हे सिद्ध झालं ना?

नाही झालं. पीएचडीच्या तोंडी परीक्षेतला हा आवडता सापळा आहे. रॅडिकल साखळी सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात संपते. तुम्ही दिवा बंद करून अर्ध्या तासाने नमुना घेता, तोवर साखळी कधीच मेलेली असते. चालू-बंद आलेख पायऱ्यांसारखा दिसला तरी प्रत्येक पायरीच्या आत हजारो कड्यांची साखळी असू शकते.

खरी परीक्षा क्वांटम यील्डची. फेरिऑक्सालेटचा अॅक्टिनोमीटर वापरून फ्लास्कमध्ये किती फोटॉन शिरतात ते मोजा (ही पद्धत ५०० नॅनोमीटरच्या अलीकडेच भरवशाची), मग उत्पादिताचे रेणू भागिले शोषलेले फोटॉन. उत्तर एकाहून जास्त आलं तर साखळी नक्की. एकाहून कमी आलं तर साखळी नाही असं मात्र म्हणता येत नाही. सुरुवातच अकार्यक्षम असेल तर लांब साखळीचाही आकडा खाली येतो. सिस्मेसिया आणि यून यांनी २०१५ मध्ये हे सविस्तर मांडलं.

१६. औषध उद्योगात याचा खरा उपयोग आहे का, की हे फक्त पेपरापुरतं?

एक उदाहरण पुरे. तृतीयक अमाइन हा गट औषधांत जागोजागी सापडतो, आणि तो बनवायची नेहमीची वाट रिडक्टिव्ह अमिनेशनची. २०२० मध्ये केंब्रिजच्या मॅथ्यू गाँट यांच्या गटाने अल्डिहाइड, द्वितीयक अमाइन आणि अल्किल आयोडाइड असे तीन सहज मिळणारे घटक निळ्या दिव्याखाली जोडून दाखवले. वेगळा फोटोकॅटॅलिस्ट नाही. अल्डिहाइड आणि अमाइनपासून इमिनियम बनतो. ट्रिस(ट्रायमिथाइलसिलिल)सिलेनपासून आलेला सिलिल रॅडिकल आयोडीन काढून घेतो, मोकळा झालेला अल्किल रॅडिकल इमिनियमच्या कार्बनवर बसतो, नायट्रोजनवर आलेला रॅडिकल सिलेनकडून हायड्रोजन घेतो, आणि सिलिल रॅडिकल पुन्हा कामाला लागतो. ही साखळीच आहे.

रिडक्टिव्ह अमिनेशनमध्ये इमिनियमवर हायड्रोजन बसतो, इथे अख्खी कार्बन साखळी बसते. पन्नास अल्डिहाइड, पन्नास अमाइन आणि पन्नास आयोडाइड कपाटात असतील तर कागदावर सव्वा लाख संयुगं होतात. संयुगांचा संग्रह उभारणाऱ्यांना हे का आवडतं ते वेगळं सांगायला नको.

१७. नेहमीची उगी अभिक्रिया दिव्याखाली केली तर फायदा होईल?

मूळ उगी अंधारात छान चालते, तिला दिव्याची गरज नाही. प्रकाश उपयोगी पडतो तो सुरुवातीचा इमिनियम दुसऱ्या वाटेने आणण्यासाठी. डायमिथाइलअॅनिलीनसारख्या तृतीयक अमाइनचं ऑक्सिडीकरण केलं की अल्डिहाइड न वापरता इमिनियम मिळतो, त्यावर आयसोसायनाइड आणि मग पाणी जाऊन अल्फा-अमिनो अमाइड तयार होतो. दुसरा उपयोग उगीनंतरचा: उत्पादितात मुद्दाम ठेवलेला आयोडाइड किंवा अल्कीन प्रकाशाने वलयबंद करणं.

१८. ट्रायइथाइलअमाइन घातल्यापासून टीएलसीवर एक अनोळखी ठिपका येतोय. मास स्पेक्ट्रममध्ये दोन कार्बन जास्त दिसतात.

तुमच्या रिअॅक्शनला एक जादा घटक मिळाला आहे. ट्रायइथाइलअमाइन उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतं ते फुकट देत नाही. इलेक्ट्रॉन आणि मग हायड्रोजन गमावून ते इमिनियम बनतं, आणि पाण्याचा अंश मिळाला की डायइथाइलअमाइन व अॅसिटाल्डिहाइड. घटकांत आधीच अमाइन आणि केंद्रस्नेही असेल तर हा अॅसिटाल्डिहाइड मानिख-पद्धतीच्या अभिक्रियेत शिरतो. साध्या दोन-घटकी अभिक्रियेत हे लक्षातही येत नाही, बहुघटकमध्ये मात्र अंगाशी येतं.

उपाय म्हणून हान्त्श एस्टर वापरून पाहा. तो इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन देऊन निमूटपणे पिरिडिन होतो. हा एस्टर स्वतः एकोणिसाव्या शतकातल्या बहुघटक अभिक्रियेतूनच येतो, हे मला फार आवडतं.

१९. छोट्या व्हायलमध्ये उत्तम, मोठ्या फ्लास्कमध्ये अर्धवट. काय चुकतंय?

काही चुकत नाही, प्रकाश आत पोहोचत नाही. हिशेब करून पाहा. अभिकारक ०.१ मोलर, रुथेनियम उत्प्रेरक १ मोल टक्का, म्हणजे १ मिलीमोलर. ४५२ नॅनोमीटरला त्याचा मोलर शोषणांक सुमारे १४,६००. म्हणजे ९० टक्के प्रकाश पहिल्या ०.७ मिलिमीटरमध्येच संपतो. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये पृष्ठभागाची पातळ साल तेवढी उजेडात असते, बाकीचं द्रावण अंधारात फिरत राहतं.

दिवा वाढवून मर्यादित फायदा होतो. उत्प्रेरक कमी करणं बरेचदा जास्त उपयोगी पडतं. कायमचा उपाय फ्लो पद्धतीचा: साधारण एक मिलिमीटर आतला व्यास असलेली पारदर्शक फ्लुओरोपॉलिमरची नळी दिव्याभोवती गुंडाळायची आणि पंपाने द्रावण सोडायचं. अट एकच, काहीही अवक्षेपित होता कामा नये. बहुघटक अभिक्रियांत अमाइनची लवणं खाली बसायची खोड असते आणि नळी तुंबते, म्हणून आधी बॅचमध्ये द्रावण शेवटपर्यंत स्वच्छ राहतं का ते पाहा.

२०. आपल्याकडे ऊन भरपूर आहे. गच्चीवर ठेवून करता येईल का?

करता येईल, दाखवायला सुंदरही दिसतं. भर दुपारी चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊर्जा मिळते. अडचणी तीन. उन्हात अतिनील किरणही असतात आणि बोरोसिलिकेट काच ३०० नॅनोमीटरच्या पुढचे आत सोडते, म्हणून 'फक्त दृश्य प्रकाश' हा दावा गाळणीशिवाय टिकत नाही. दुसरं, नागपुरात मे महिन्यात फ्लास्क किती तापेल ते सांगायला नको, पाण्याची टाकी लागेलच. तिसरं, जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटावर प्रोजेक्ट ठप्प. सूर्यप्रकाशाचा एखादा प्रयोग जोड म्हणून दाखवा, सगळी कोष्टकं एलईडीवर करा.

२१. याला हरित रसायनशास्त्र म्हणता येईल ना?

दरवेळी नाही. उमेमोतो लवणाचं रेणुवस्तुमान टेट्राफ्लुओरोबोरेट रूपात सुमारे ३४०, त्यातला उपयोगी ट्रायफ्लुओरोमिथाइल फक्त ६९. म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा वापरला, बाकी कचरा. वर डायक्लोरोमिथेन आणि इरिडियम. फोटॉन अवशेष सोडत नाही हे खरं, पण दिवा अठरा तास चालतो आणि पंखाही. हरित म्हणायचं तर आकडे मांडून म्हणा.

२२. एकच एनॅन्शिओमर (आरशातल्या दोन प्रतिमारूपांपैकी एकच) मिळवता येतो का?

येतो, पण कठीण. रॅडिकल इतक्या वेगाने जोडले जातात की कायरल उत्प्रेरकाला दिशा द्यायला उसंत मिळत नाही. जिथे जमलं तिथे रॅडिकलला किंवा त्याच्या जोडीदाराला हायड्रोजन बंधाने धरून ठेवलेलं असतं. म्युन्स्टरच्या स्टुडर यांच्या गटाने २०१९ मध्ये विषमवलयी संयुग, इनामाइड आणि ब्रोमो-कार्बोनिल संयुग यांची तीन-घटकी मिनिश्ची अभिक्रिया (विषमवलयावर रॅडिकल जोडणारी) कायरल फॉस्फोरिक आम्ल आणि इरिडियम यांच्या जोडीने केली. प्रकाश रॅडिकल बनवतो, दिशा आम्ल ठरवतं.

२३. सुरक्षेचं काय? साधे दिवेच तर आहेत.

जोरकस निळा एलईडी डोळ्यांच्या पडद्याला घातक आहे. नारिंगी चष्मा घाला, रिअॅक्टरला झाकण ठेवा, शेजारच्या बाकावरच्यांचाही विचार करा. आयसोसायनाइड फक्त फ्यूम हूडमध्ये, भांडी आम्लयुक्त मिथेनॉलने धुवा, नाहीतर वास मजलाभर पसरतो. बंद नळीत वायू सुटणाऱ्या अभिक्रिया, उदाहरणार्थ कार्बॉक्सिलिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड, दिव्याच्या उष्णतेत दाब वाढवतात. फुगा किंवा सुई ठेवा.

२४. टेम्पो (रॅडिकल पकडणारा स्थिर रॅडिकल) घातल्यावर रिअॅक्शन थांबली. रॅडिकल यंत्रणा सिद्ध झाली असं लिहू का?

'सुसंगत आहे' एवढंच लिहा. टेम्पो स्वतः सहज ऑक्सिडाइज होतो आणि रुथेनियमची उत्तेजित अवस्था विझवू शकतो. म्हणजे त्याने रॅडिकल पकडला म्हणून रिअॅक्शन थांबली की उत्प्रेरकच निकामी केला म्हणून, हे नुसत्या थांबण्यावरून कळत नाही. टेम्पोला चिकटलेला रॅडिकल मास स्पेक्ट्रममध्ये दिसला तर पुरावा बळकट होतो. त्याबरोबर स्टर्न-फोल्मर मोजणी करा: प्रत्येक घटक सुटा घेऊन उत्प्रेरकाची दीप्ती किती घटते ते पाहा, आणि नंतर भांड्यातच तयार होणारा इमिनियम किंवा इनामाइन बनवून त्याचीही मोजणी करा. बहुघटक अभिक्रियेत सुटे घटक काहीच विझवत नाहीत आणि त्यांच्यापासून बनलेला मध्यस्थ जोरात विझवतो, असं बऱ्याचदा होतं. ती मोजणी न केल्यामुळे पेपर परीक्षकांकडून परत येतात.